हिरवळीचा राखणदार

गोल्फचा सामना पाहणाऱ्याचे सारे लक्ष चेंडूकडे असते. तो हवेत किती उंच गेला, कुठे पडला, छिद्राच्या किती जवळ थांबला, याचीच चर्चा होते. ज्या हिरवळीवरून तो घरंगळत जातो तिच्याकडे पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. गालिचा अंथरावा तशी ती तेथे असणारच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात हा गालिचा जिवंत असतो. रोज असंख्य पावले त्याला तुडवतात, लोखंडी काठ्या त्याचे लचके तोडतात, आणि ज्या उन्हाळ्यात ऊन अधिक व पाणी कमी असते त्याच दिवसांत खेळणाऱ्यांची गर्दीही सर्वाधिक असते. अशा वेळी गवत तगवून धरायचे, झिजलेला भाग पुन्हा उभा करायचा आणि तरीही खेळ बंद पडू द्यायचा नाही, ही एक स्वतंत्र विद्या आहे.

या विद्येचा आद्य पुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो टॉम मॉरिस हा स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावच्या एका विणकराचा मुलगा. गोल्फचा इतिहास त्याला ‘ओल्ड टॉम’ म्हणजे थोरला टॉम या नावाने ओळखतो, कारण त्याच्याच नावाचा त्याचा मुलगा बापाहून वरचढ खेळाडू निघाला. थोरल्या टॉमने ब्रिटनची ‘ओपन’ स्पर्धा चार वेळा जिंकली. परंतु त्याची विजेतेपदे नोंदवहीत राहिली आणि फावडे व ढकलगाडी घेऊन त्याने केलेले काम मात्र आजही जगभरच्या गोल्फ मैदानांवर दर उन्हाळ्यात नव्याने केले जाते.

टॉमचा जन्म १६ जून १८२१ रोजी झाला. सेंट अँड्र्यूजच्या मैदानाच्या दृष्टीनेही ते वर्ष मोलाचे होते. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधल्या रेताड, उंचसखल पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. शेतीला निरुपयोगी असलेल्या या पट्ट्यावर गावकरी शतकानुशतके गोल्फ खेळत आले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेने ही जमीन हातची घालवली आणि पुढे तेथे ससे पाळण्याचा धंदा सुरू झाला. सशांनी सारे मैदान पोखरून काढले. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षे कोर्टकज्जे आणि हातघाई चालली. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली आणि सशांचे साम्राज्य संपले. ज्या वर्षी मैदान वाचले त्याच वर्षी त्याचा भावी राखणदार जन्माला यावा, हा योगायोग खराच.

किशोरवयात टॉम अ‍ॅलन रॉबर्टसन याच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. रॉबर्टसन हा त्या काळचा अजिंक्य मानला जाणारा खेळाडू. आणि त्याचा चरितार्थ चालत असे तो चेंडू बनवण्यावर. तेव्हाचा चेंडू पिसांचा असे. उंच टोपीभर उकडलेली पिसे मूठभर चामड्याच्या पिशवीत ठासून भरायची, तोंड शिवायचे आणि वर रंग द्यायचा. काम छाती दुखवणारे आणि वेळखाऊ. कसबी कारागीरही दिवसाकाठी मोजकेच चेंडू बनवू शके. साहजिकच चेंडू महाग असे आणि खेळणारे थोडे असत. थोडे खेळाडू, लाकडी काठ्या आणि विस्तीर्ण मैदान, असा तो मेळ होता. गवताची झीज होई, पण समुद्रावरचा वारा आणि पाऊस ती आपल्या आपण भरून काढत.

हा मेळ १८४८च्या सुमारास बिघडला. मलायाच्या जंगलांतील झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या ‘गटापर्चा’ या पदार्थाचे चेंडू बाजारात आले. ते स्वस्त होते, टिकाऊ होते, आणि वाकडेतिकडे झाले तर गरम पाण्यात टाकून पुन्हा गोल करता येत. रॉबर्टसनला त्यांत आपल्या धंद्याचा काळ दिसला. एके दिवशी खेळताना टॉमजवळचे चेंडू संपले, त्याने सोबत्याकडून एक गटापर्चाचा चेंडू घेतला आणि ही गोष्ट मालकाच्या कानावर गेली. शब्दाने शब्द वाढला आणि टॉमला कारखाना सोडावा लागला. पुढे खुद्द रॉबर्टसनही तेच चेंडू बनवू लागला, तो भाग निराळा.

या भांडणात दडलेला खरा अर्थ टॉमला कळायला काही वर्षे जावी लागली. स्वस्त चेंडूमुळे गोल्फ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. १८५२ मध्ये सेंट अँड्र्यूजला आगगाडी पोहोचली आणि बाहेरगावचे हौशी लोक सुट्टीत खेळायला येऊ लागले. पिसांचा चेंडू लोखंडी काठीने फाटत असे. नवा चेंडू तो मार सोसत होता. त्यामुळे लोखंडी काठ्यांचा वापर वाढला आणि त्यांच्या घावांनी गवताची ढेकळे उडू लागली. ज्या चेंडूपायी टॉमची नोकरी गेली त्याच चेंडूने हिरवळीवर असे संकट आणले की ते निवारण्यातच त्याचे उरलेले आयुष्य जायचे होते.

१८५१ मध्ये कर्नल जेम्स ऑगिल्व्ही फेअरली या चाहत्याच्या पुढाकाराने टॉमला पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे मैदानरक्षकाची जागा मिळाली. घरात नुकतेच दुःख होऊन गेले होते. टॉम आणि त्याची पत्नी अ‍ॅग्नेस यांचा पहिला मुलगा, त्याचेही नाव टॉमच, चार वर्षांचा होऊन १८५० मध्ये वारला होता. १८५१च्या एप्रिलमध्ये दुसरा मुलगा झाला. त्यालाही तेच नाव ठेवण्यात आले. तान्ह्या बाळासह कुटुंब प्रेस्टविकला गेले. तेथे मैदान असे नव्हतेच. वाळूच्या टेकड्या, खाचखळगे आणि झुडपे यांतून वाट काढीत टॉमने बारा छिद्रांचे मैदान आखले आणि त्याची निगा राखू लागला.

याच प्रेस्टविकच्या दिवसांतील एक घटना गोल्फच्या जगात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वाळूने भरलेली ढकलगाडी नेताना ती एका छिद्राभोवतालच्या हिरवळीवर उलटली. सांडलेली वाळू जमेल तेवढी गोळा केली, तरी थोडी गवतात राहिलीच. काही काळाने टॉमच्या ध्यानात आले की जेथे वाळू सांडली होती तेथलेच गवत अधिक दाट आणि निरोगी झाले आहे. एरवी कोणी हा प्रकार विसरून गेला असता. टॉमने तो मुद्दाम पुन्हा करून पाहिला, आणि वाळू देणे हा पुढे त्याच्या कामाचा मुख्य नियमच होऊन बसला.

गवतावर वाळू टाकली तर ते मरायला हवे, असे कोणालाही वाटेल. मग ते फोफावते कसे? सतत कापल्या जाणाऱ्या गवताच्या बुडाशी मेलेली मुळे आणि देठ साचत जातात व त्यांचा स्पंजासारखा थर तयार होतो. हा थर पाणी धरून ठेवतो, रोगाला आमंत्रण देतो आणि मुळांना खोल जाऊ देत नाही. उन्हाळ्यात वरचा थर वाळला की अशी उथळ मुळांची हिरवळ करपून जाते. पातळ थरांनी वाळू देत गेले की ती या स्पंजात मिसळते, पाणी खाली झिरपते, हवा खेळते आणि मुळे खोल उतरतात. पावलांनी व चेंडूंनी पडलेले बारीक खळगेही भरून निघतात. गवताच्या बुंध्याला वाळूची भर मिळाल्याने नवे फुटवे येतात. किनाऱ्यावर हे काम वारा युगानुयुगे करीतच होता. समुद्राकाठची वाळू उडून गवतावर पडे आणि तेथील ‘फेस्क्यू’ व ‘बेंट’ जातीची बारीक पात्याची गवते तीतून वर येत. निसर्गाचा हा क्रम टॉमने ओळखला आणि वाऱ्याचे काम ढकलगाडीने सुरू केले.

प्रेस्टविकमध्येच टॉम खेळाडू म्हणून कीर्तीच्या शिखरावर पोहोचला. १८५९ मध्ये रॉबर्टसनचे निधन झाले आणि आता सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविक येथे स्पर्धा भरवण्यात आली. आठ व्यावसायिक खेळाडू तीत उतरले. हीच पहिली ‘ओपन’. तीत विली पार्कने टॉमला दोन फटक्यांनी मागे टाकले. पुढल्याच वर्षी टॉमने बाजी मारली. नंतर १८६२, १८६४ आणि १८६७ मध्येही तो जिंकला. १८६२चा त्याचा विजय तेरा फटक्यांचा होता. १८६७ मध्ये जिंकला तेव्हा तो ४६ वर्षांचा होता आणि त्या स्पर्धेचा सर्वांत वयस्क विजेता हा त्याचा मान अद्याप कोणी हिरावून घेतलेला नाही.

१८६४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने त्याला परत बोलावले. वर्षाला पन्नास पौंड पगार आणि मैदानाच्या देखभालीसाठी वीस पौंड, अशी व्यवस्था झाली. साधने म्हणून ढकलगाडी, फावडे आणि कुदळ त्याच्या हाती देण्यात आली. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक मजूर मिळायचा होता. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्याने सावरायचे होते ते मैदान फार वाईट अवस्थेत होते. शिवाय ते केवळ गोल्फचे नव्हतेच. गावच्या बायका ओढ्यावर कपडे धुऊन तेथील झुडपांवर वाळत घालीत, कोळी जाळी पसरीत, गुरे चरत. हे हक्क वडिलोपार्जित होते आणि टॉमलाही ते मोडायचे नव्हते. त्याला सर्वांना सांभाळून घेत गवत वाचवायचे होते.

सर्वांत मोठी दुखापत छिद्राभोवती होती. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे एक छिद्र पुरे केले की त्याच्यापासून काही पावलांवरूनच पुढल्या छिद्राकडे पहिला फटका मारीत. चेंडू जरा उंचावर ठेवण्यासाठी लागणारी चिमूटभर वाळूही त्याच छिद्राच्या तळातून काढून घेत. म्हणजे जेथे हिरवळ सर्वांत नाजूक हवी तेथेच सर्वांत अधिक पावले, सर्वांत अधिक घाव. टॉमने पहिल्या फटक्यासाठी स्वतंत्र जागा वेगळ्या काढल्या. छिद्राभोवतीच्या हिरवळी त्याने मोठ्या केल्या, म्हणजे छिद्राची जागा वरचेवर बदलता येईल आणि झिजलेल्या भागाला सावरायला अवधी मिळेल. काटेरी झुडपे तोडून खेळाचा पट्टा रुंद केला, त्यामुळे तीच ती वाट तुडवली जाणे थांबले. स्विल्कन ओढ्याच्या पलीकडे पहिल्या छिद्राची नवी हिरवळ तयार केली आणि गावाला लागून असलेली शेवटच्या, अठराव्या छिद्राची हिरवळही त्यानेच उभी केली. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

या साऱ्या काळात वाळूचे काम अखंड चालू होते. डेव्हिड हनीमन हा त्याचा अनेक वर्षांचा मदतनीस. त्याला टॉम सदैव आणखी वाळू आणायला फर्मावीत असे, ही गोष्ट गावात दंतकथेसारखी पसरली होती. नवी यंत्रेही त्याला वर्ज्य नव्हती. गवत कापण्याचे ढकलयंत्र एडविन बडिंगने १८३० मध्ये शोधले होते. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ते सुचले होते. मेंढ्या आणि ससे यांच्या दातांवर अवलंबून असलेली हिरवळ हळूहळू यंत्राच्या पात्यांखाली आली आणि विणकराच्या मुलाच्या हाती गिरणीतल्या यंत्राचा हा भाऊबंद येऊन पोहोचला.

मात्र वाळूइतकेच त्याचे दुसरे औषध होते विश्रांती. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान दोन्ही दिशांनी खेळता येई. नव्या हिरवळीमुळे ही सोय आणखी चांगली झाली आणि एक आठवडा उजवीकडून, एक आठवडा डावीकडून असा पाळीपाळीने खेळ होऊ लागला. चेंडू पडण्याच्या जागा बदलत आणि जखमी गवताला आठवडाभर उसंत मिळे. रविवारी तर मैदान बंदच असे. टॉम चर्चचा वडीलधारी सेवक होता. त्यामुळे हा नियम त्याला धर्माचाही वाटे. परंतु खेळाडूंना विसावा नको असला तरी जमिनीला तो हवाच, अशी त्याची दृढ धारणा होती. सुट्टीच्या दिवशी मैदान बंद ठेवायचे म्हणजे खेळणाऱ्यांची नाराजी पत्करायची. ती त्याने आयुष्यभर पत्करली. जुने मैदान आजही एरवी रविवारी खेळासाठी बंद असते आणि गावकरी तेथे फिरायला येतात.

दरम्यान धाकटा टॉम उदयाला आला होता. १८६८ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, त्याने ‘ओपन’ जिंकली आणि दुसऱ्या क्रमांकावर होता त्याचा बाप. त्यानंतर १८६९, १८७० आणि १८७२ अशी आणखी तीन विजेतेपदे त्याने मिळवली. बापलेक जोडीने सामने खेळत. सप्टेंबर १८७५ मध्ये नॉर्थ बेरिक येथे असाच एक सामना चालू असताना तार आली, की धाकट्या टॉमची पत्नी मार्गारेट बाळंतपणात अत्यवस्थ आहे. सामना संपवून दोघे एका नौकेतून फर्थ ऑफ फोर्थ ही खाडी ओलांडून गावाकडे निघाले. घरी पोहोचेपर्यंत आई आणि बाळ दोघेही गेली होती. त्या धक्क्यातून मुलगा सावरला नाही. १८७५च्या नाताळच्या सकाळी तो अंथरुणात मृतावस्थेत आढळला. फुफ्फुसातील रक्तस्राव हे मृत्यूचे कारण होते. वय होते चोवीस वर्षे. पुढच्याच वर्षी अ‍ॅग्नेसही गेली.

अशा आघातानंतर एखादा माणूस कामातून उठला असता. टॉम रोज समुद्रात डुबकी मारून मैदानावर येत राहिला. त्याच्या मनात काय चालले होते हे सांगायला तो फारसा बोलका नव्हता. एवढे मात्र दिसते, की सेंट अँड्र्यूजचे मैदान आदर्श म्हणून गणले जाऊ लागले ते याच दशकांत. देशभरचे क्लब नवी मैदाने आखून घेण्यासाठी त्याला बोलावू लागले. प्रवासखर्च आणि दिवसाला एक पौंड, एवढीच त्याची बिदागी असे. डॉर्नॉक, मुरफील्ड, आयर्लंडमधील काउंटी डाउन आणि लाहिंच अशा आज विख्यात असलेल्या अनेक मैदानांना त्याचा हात लागलेला आहे. त्याच्या हाताखाली शिकलेला डोनाल्ड रॉस १८९९ मध्ये अमेरिकेला गेला आणि त्याने तेथे शेकडो मैदाने उभारली. त्याच्याबरोबर सेंट अँड्र्यूजची ही विद्याही महासागरापार गेली.

आज मैदानाच्या देखभालीत यंत्रे, प्रयोगशाळा आणि माती-परीक्षण आले आहे, पण उन्हाळ्यातील कामाचा गाभा तोच आहे. कडक उन्हात पाती किंचित उंच ठेवून गवत कापायचे, म्हणजे त्याला तग धरता येते. साऱ्या मैदानावर पाणी ओतण्याऐवजी कोरडे पडलेले तुकडे हेरून तेवढेच हाताने भिजवायचे. वाळूचा अगदी पातळ थर वरचेवर द्यायचा आणि ब्रशने पात्यांच्या बुडाशी उतरवायचा. उन्हाचा जोर ओसरला की पोकळ दातांच्या यंत्राने जमिनीतून मातीच्या कांड्या काढायच्या, ती भोके वाळूने भरायची आणि विरळ जागी नवे बी पेरायचे. स्कॉटलंडच्या गवतासारखी थंड हवेतली गवते उन्हाळ्यात दमतात, म्हणून मोठी डागडुजी ऋतू पालटताना होते. त्या गवताने कोरड्या दिवसांत पिवळे पडणे हाही त्याचा जगण्याचा मार्ग आहे आणि पाऊस पडताच ते पुन्हा हिरवे होते, हे किनाऱ्यावरच्या माणसांना ठाऊक असते.

महाराष्ट्रातील गोल्फ मैदानांवर बहुधा हरळीच्या जाती असतात. जिच्या कोवळ्या पात्यांची जुडी गणपतीला वाहिली जाते तीच ही दूर्वा. तिची प्रकृती उलटी. उष्णतेत ती जोमाने पसरते, त्यामुळे पाणी असेल तर छाटणी, भोके पाडणे, वाळू देणे ही मोठी कामे तिला उन्हाळ्यातच मानवतात. गवत बदलले की पंचांग बदलते. वाळू आणि विश्रांती यांची गरज मात्र बदलत नाही.

थोरला टॉम १९०३ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, निवृत्त झाला. क्लबने त्याचा पगार अखेरपर्यंत चालू ठेवला आणि सर जॉर्ज रीड या चित्रकाराकडून त्याचे तैलचित्र काढून घेऊन क्लबच्या वास्तूत लावले. तोवर घर रिकामे होत चालले होते. मुलगा जॉन १८९३ मध्ये, मुलगी एलिझाबेथ १८९८ मध्ये आणि मुलगा जेम्स १९०६ मध्ये वारला. पाचही अपत्यांना निरोप देऊन पांढऱ्या दाढीचा म्हातारा अठराव्या हिरवळीसमोरच्या आपल्या दुकानाबाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा खेळ पाहत असे.

२४ मे १९०८ रोजी गावातील न्यू गोल्फ क्लबमध्ये चुकीचे दार उघडल्याने तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला आणि त्यातच त्याचा अंत झाला. सत्त्याऐंशी वर्षे पुरी व्हायला तीन आठवडे उरले होते. गावच्या जुन्या कॅथेड्रलच्या आवारात, साठ गोल्फ संस्थांनी मिळून उभारलेल्या धाकट्या टॉमच्या स्मारकापाशी त्याला चिरविश्रांती देण्यात आली. अमेरिकेतील मैदानरक्षकांची संघटना १९८३पासून आपला सर्वोच्च सन्मान त्याच्या नावाने देते.

तो ज्या दिवशी गेला तो रविवार होता. समोरच्या जुन्या मैदानावर त्या दिवशी कोणी खेळत नव्हते. त्याने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे हिरवळ विश्रांती घेत होती.